काट्यावरचे एकतीस जण

मास्तरांना त्या दिवशी तळावर काम होतं ते अगदीच किरकोळ. जुन्या वस्तू ओळखायच्या, कुठली कशासाठी वापरायचे ते सांगायचं, दिलेला चहा प्यायचा आणि जेवणाच्या वेळेला घरी यायचं. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काम कोण देणार?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत हं. मुलांना शिकवायचा धीर त्या माणसात कधीच नव्हता. लष्कराच्या सामान वाहणाऱ्या विमानांचा तो तळ, आणि तिथं मास्तरांनी छत्तीस वर्षं वजनं केली. विमानात जे चढायचं ते आधी त्यांच्या काट्यावर चढायचं. पिठाची पोती, रॉकेलचे डबे, टपालाच्या थैल्या, पाय बांधलेली खेचरं, जाताना धडधाकट माणसं आणि येताना कधी कधी पेट्या. 'वजनमास्तर' म्हणता म्हणता लोक नुसतं 'मास्तर' म्हणायला लागले आणि खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं.

डोंगरापलीकडच्या चौक्यांना तेव्हा रस्ता नव्हता. वर्षातले सात महिने खिंड बर्फानं बंद. तिकडच्या माणसाच्या तोंडात घास जायचा तो या तळावरून उडालेल्या विमानातून. आता डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला, ट्रक धावायला लागले, आणि तळाची गरज संपली. महिनाअखेरीला कुलूप लागणार होतं. त्याआधी तळाचा इतिहास लिहून काढायचं काम एका तरुण बाई अधिकाऱ्याकडे आलं होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मास्तरही मॅडमच म्हणायचे.

निघताना धाकटीनं कोटाची वरची गुंडी लावली. धाकटी म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावाची बायको. सव्वीस वर्षं ती मास्तरांच्याच घरात होती. मास्तरांची बायको गेल्यापासून घर तिनंच सांभाळलं.

"दादा, मफलर असू दे, धुकं आहे. आणि विचारा हं."

"काय विचारू?"

"तेच."

"विचारतो," मास्तर म्हणाले.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. काही सापडलं का, कुणी काही पाहिलं का. मास्तर दर वेळी विचारतो म्हणायचे आणि कुणालाही विचारायचे नाहीत. विचारायचं तोंड होतं कुठं त्यांना!

तळावर पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, पण धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. धावपट्टीचं एक टोक दिसत होतं, दुसरं नव्हतं. जिथं एका दिवसात चाळीस विमानं सुटलेली मास्तरांनी पाहिली होती, तिथं आता कुणाच्या तरी म्हशी येऊन बसल्या असत्या तरी हाकलायला माणूस नव्हता. मॅडमनी त्यांना मालगोदामात नेलं. लांबच लांब पत्र्याची शेड, आत सगळं रिकामं. एका बाजूला टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलासमोर जमिनीत बसवलेला वजनकाट्याचा लोखंडी पाटा, दार आडवं ठेवावं एवढा. भिंतीवर त्याची गोल तबकडी आणि लांब काळी सुई.

"हा अजून चालतो?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच बघा की."

मास्तर पाट्यावर चढले. सुई उठली, थरथरली, चौसष्टवर थांबली. घरी तेवढंच भरलं होतं. मास्तरांना उगाच बरं वाटलं. आपल्या मागं कुणीतरी तेल घालत होतं म्हणायचं.

मॅडमनी मग एक फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, सगळं लिहून झालंय. पुरातली मदत, जखमींना आणलं ते, सगळं. हे एकच पान राहिलंय. न पोचलेलं विमान. चौकशीत हवामान म्हणून लिहिलंय. तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

"होतो."

"तुमच्या आठवणीतल्या दोन ओळी लिहून द्याल? घाई नाही. सामान न्यायला ट्रक आलाय, मी तेवढं बघून येते."

त्या गेल्या. धुक्यात दहा पावलांवर त्यांची पाठ दिसेनाशी झाली. मास्तरांनी फाइलमधला कागद समोर ओढला. तो त्यांच्याच हातचा होता, कार्बनची निळी प्रत. एकतीस ओळी, एकतीस नावं, आणि प्रत्येक नावापुढं तोच आकडा: नव्वद. नव्वद. नव्वद. शेवटची ओळ बारक्याची, त्यांच्या धाकट्या भावाची.

आता ही काय भानगड होती ते सांगायला हवं. नियम असा की माणसाला त्याच्या कपड्यांसकट, पिशवीसकट काट्यावर उभं करायचं आणि भरेल ते लिहायचं. पण घाई असली तर ठरलेलं वजन लिहायची मुभा होती. उन्हाळ्यात माणशी नव्वद किलो. हिवाळ्यात जाड कोट, बूट, पिशव्या, म्हणून माणशी एकशे आठ. हिवाळी वजन ज्या तारखेपासून लागू व्हायचं, नेमकी तीच तारीख होती. खिंडीवरचे ढग तासाभरासाठी फाटले होते. तळाचे साहेब दारातून ओरडत होते. रजा संपवून परत निघालेले एकतीस जण रांगेत उभे, आणि मास्तरांनी सवयीनं भराभरा नव्वद नव्वद लिहून टाकलं. बेरीज दोन हजार सातशे नव्वद. त्या दिवशी खिंड ओलांडायला माणसांचं वजन दोन हजार नऊशेच्या आत हवं होतं. विमान सुटलं. अर्ध्या तासानं मास्तरांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि चूक कळली. हिवाळी हिशेबानं विमान मर्यादेपेक्षा साडेचारशे किलो जड होतं.

ते पोचलं नाही.

कितीजणांनी पिशव्या आधीच्या विमानानं पुढं पाठवल्या होत्या, कितीजणांनी जवळ ठेवल्या होत्या, ते मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. मग खरं वजन किती होतं? आपण मारलं की नाही मारलं? या एका प्रश्नानं त्यांना सव्वीस वर्षं आतून पोखरलं होतं. धाकटीनं वाढलेला घास घशाखाली उतरत होता तो एकाच आधारावर. त्या संध्याकाळी त्यांनी लपवालपवी केली नव्हती. शोधमोहिमेच्या साहेबांनी नकाशा पसरला होता, अर्धी माणसं खिंडीपलीकडे पाठवायची चालली होती, तेव्हा मास्तर त्यांना बाजूला घेऊन गेले होते. "साहेब, विमान जड होतं. माझी चूक. ते खिंड चढूच शकत नाही. अलीकडेच पडलं असणार."  पुढे चौकशीत साहेबांनी त्यातलं अक्षर येऊ दिलं नाही, पण सगळी माणसं अलीकडे लावली. नऊ दिवस अलीकडची दरी न दरी पिंजून काढली. नवव्या दिवशी संध्याकाळी शोध थांबला. काही मिळालं नाही, पण मास्तर स्वतःला म्हणायचे, निदान मी खरं बोललो. आयुष्यात केलेलं एक तरी काम सरळ होतं.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. दोन ओळी लिहायच्या होत्या, पण सुचेना. समोर रिकामा पाटा, हातात यादी, आणि छत्तीस वर्षांची सवय. त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "पुढचा."

पाटा धप् वाजला.

सुई उठली आणि सत्त्याण्णववर थांबली.

मास्तरांनी पाट्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. जुनं यंत्र आहे, स्प्रिंग सरकली असेल, असं मनाशी म्हणेपर्यंत सुई खाली आली आणि परत धप् झालं. एक्याण्णव. मग खाली. मग पुन्हा धप्, या वेळी पाटा कण्हल्यासारखा वाजला आणि सुई थेट एकशे एकवीसवर गेली.

यादीतलं तिसरं नाव चौकीवरच्या आचाऱ्याचं होतं. तो आला की सगळी रांग हसायची. "मास्तर, याला मालात धरा, माणसात नको!" एकशे एकवीस हा आकडा तळावर दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

 पळायला हवं होतं, दार वीस पावलांवर होतं. पण मास्तर पळाले नाहीत. का पळाले नाहीत म्हणून विचाराल तर, सव्वीस वर्षं ज्या आकड्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो आकडा समोरच्या तबकडीवर येत होता. त्यांनी पेन्सिल घट्ट धरली आणि नव्वदच्या पुढं लिहायला लागले. सत्त्याण्णव. एक्याण्णव. एकशे एकवीस.

"पुढचा..." ते कुजबुजले.

एकेक येत होता. शेडमध्ये ओल्या लोकरीचा वास भरला, रॉकेलचा, बुटांच्या ओल्या चामड्याचा. पाट्यावर पाण्याचे ओघळ दिसायला लागले, बुटांना लागलेलं बर्फ विरघळावं तसे. दिसत मात्र कुणी नव्हतं. पहिल्या दहांची बेरीज झाली नऊशे पंचावन्न. हे जास्तच चाललं होतं. पुढचे दहा नऊशे तेरा. जरा उतरलं. त्यापुढचे दहा नऊशे चार. तीस जणांचे दोन हजार सातशे बहात्तर. बेरीज त्यांनी तीनदा केली. एकशे अठ्ठावीस किलो उरत होते आणि फक्त बारक्या राहिला होता.

"पुढचा... ये रे."

बारक्या पाट्यावर कधी सरळ चढला नाही. लहानपणापासूनच खोड्या करायची सवय. दोन्ही पायांनी उडी मारायचा, सुई वेड्यासारखी पुढं जायची आणि मागं यायची, आणि मास्तर म्हणायचे, "मोडशील मेल्या!"

धाड् झालं. सुई दीडशेच्या पुढं गेली, मागं आली, हलत हलत चौऱ्याहत्तरवर थांबली.

दोन हजार आठशे शेहेचाळीस. मर्यादेच्या आत. चोपन्न किलो कमी!

मास्तरांनी डोकं टेबलावर टेकलं आणि लहान पोरासारखे रडले. मी नाही मारलं. अरे देवा, मी नाही मारलं! विमान जड नव्हतं. धाकटीच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येईल. विमान हलकं होतं, मजेत खिंड चढलं असेल, ओलांडूनसुद्धा...

रडणं एकदम थांबलं.

ओलांडून गेलं असेल. म्हणजे ते पलीकडे पडलं. आणि पलीकडे कुणी गेलंच नाही, कारण मास्तरांनी सांगितलं होतं, खिंड चढूच शकत नाही.

पाटा धप् वाजला. मास्तरांनी 'पुढचा' म्हटलं नव्हतं.

पंचाण्णव.

मग नव्वद. मग कण्हत कण्हत एकशे अठरा. तीच माणसं, त्याच क्रमानं, पण प्रत्येकजण किलो-दोन किलोनं उतरलेला. मास्तरांनी फाइलमधला यादीखालचा कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. या खेपेला एकोणतीस जण आले. शेवटी धाड् करून बारक्या. मास्तरांनी खाली रेघ मारली. लगेच पुन्हा पहिला. एकोणतीस. रेघ. मग सत्तावीस. रेघ. एकेका दिवसाची एकेक रेघ, हे समजायला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते आपली रोजची हजेरी द्यायला येत होते.

"नका..." मास्तर म्हणाले. "पुरे. मला कळलं... पुरे."

ते थांबले नाहीत. आचाऱ्याखाली पाटा आता कण्हत नव्हता. नवव्या रेघेला बावीस जण जिवंत होते. बावीस! त्या दिवशी मास्तर स्वतः साहेबांच्या खोलीत उभे होते, साहेब नकाशाची गुंडाळी करत होते आणि मास्तरांनी दोरी बांधायला हात दिला होता. दहाव्या रेघेला एकवीस. पुढच्या खेपा भराभर यायला लागल्या. चौदाव्या रेघेला सहा. सुई आता पन्नासच्या वर क्वचित जात होती. सतराव्याला दोन. अठराव्याला पाट्यावर एकटाच चढला, चढला म्हणजे कसाबसा पाय ओढत आला असावा. सुई सत्तेचाळीसवर थांबली.

बारक्या. दुसरं कोण उरलं होतं?

"बारक्या," मास्तर म्हणाले, "तुला न्यायला कुणी आलं नाही ते माझ्यामुळं रे... ऐकतोस का?"

सुई खाली आली. पुन्हा वर गेली. सत्तेचाळीस. मग अठ्ठेचाळीस. मास्तरांनी डोळे पुसून पाहिलं. पन्नास. आणि त्यानंतरच्या खेपेला पाट्यावर, जरा हलकीच पण उडीच बसली. त्रेपन्न.

एवढ्यात मॅडमचा हात त्यांच्या खांद्यावर पडला. "मास्तर! केवढे गारठलात तुम्ही! चला, चला आधी बाहेर." त्यांनी जवळजवळ उचलूनच मास्तरांना जीपमध्ये बसवलं. यादी आणि आकड्यांचा कागद, दोन्ही मास्तरांनी कोटाच्या खिशात कोंबले. मागं वळून बघायची ताकद त्यांच्यात नव्हती.

घरी धाकटीनं कोट काढून घेतला, पाठीवर रग घातला आणि सवयीनं खिसे चाचपले. दोन्ही कागद तिच्या हाताला लागले.

"हे काय हो?"

 वजनं करणाऱ्या माणसाच्या घरात सव्वीस वर्षं काढलेली बाई ती. आकडे, रेघा, सगळं तिला वाचता येत होतं. बोट फिरवत ती खाली आली. "इथं एकतीस. इथं एकोणतीस..." तिचं बोट सावकाश झालं. पहिल्या पानावरची निळी नावं तिनं पाहिली होती. "आणि हा शेवटी कोण आहे, दादा? एकटाच आहे."

"उडी मारून चढला," मास्तर कसेबसे म्हणाले.

 कुठून आलं, कसं आलं, यातलं तिनं काही विचारलं नाही. जिनं इतकी वर्षं वाट पाहिली तिला त्याचं नवल कसलं? ती आकडे वाचायला लागली, ओठ हलवत. "सत्तेचाळीस. अगंबाई, केवढे वाळले! सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... पन्नास..." तिचा चेहरा फुलत गेला. "दादा, वाढतंय की हो! वाढतंय त्यांचं वजन!"

"धाकटे, माझं ऐक. त्या वेळी मी शोधवाल्या साहेबांना जाऊन—"

"म्हणजे खायला मिळत होतं. कुणीतरी जेवायला घालत होतं, दादा! कुणाच्या तरी घरी होते ते!"

 खिंडीपलीकडचा तो भाग मास्तरांनी विमानाच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिला होता. तिथं घर नव्हतं. झाड नव्हतं, जनावर नव्हतं. तिथं बर्फ होतं आणि बारक्याबरोबर गेलेली तीस माणसं होती. दुसरं काहीही नव्हतं.

"त्रेपन्न," धाकटीनं वाचलं आणि कागद उलटला. "पाठीमागं पण आहे की!"

"पाठीमागं मी काही लिहिलं नाही," मास्तर म्हणाले.

पण तिचं लक्ष होतं कुठं? "अठ्ठावन्न. चौसष्ट. अक्षर तुमचंच आहे की, दादा, असं काय करता! एकाहत्तर. चौऱ्याहत्तर, आले बघा मूळ वजनावर." ती हसत होती, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक्याऐंशी! इतके भरलेले तर ते आमच्या लग्नातसुद्धा नव्हते!"

मास्तरांना तिला थांब म्हणायचं होतं. 

"ब्याण्णव," धाकटी वाचत होती. "एकशे चार. एकशे सतरा. बाई बाई, काय हे..." तिनं पान खिडकीशी, उजेडात धरलं. "ही शेवटची ओळ नीट लागत नाहीये, दादा. इथं कागद ओला आहे अजून."